अर्ध्या वाक्याचा पाया

कॉन्ट्रॅक्टरसाहेब,

आमच्या परसात तुम्ही सोडून गेलेला खड्डा या आठवड्यातल्या पावसाने काठोकाठ भरला. सॅन होजेत पाऊस हिवाळ्यात येतो हे तुम्हाला ठाऊक होतं. इथली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हेही ठाऊक होतं. करारावर सही झाली त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात बसून ते तुम्हीच मला समजावलं होतंत. "ताई, या मातीत पाया घालता येणारा माणूस हवा," असं म्हणाला होतात. आता त्याच मातीने खड्ड्याच्या दोन कडा आत ढकलल्या आहेत आणि कुंपणाचा एक खांब कलला आहे. माझी धाकटी मुलगी सात वर्षांची आहे. ती चुकून तिकडे जाऊ नये म्हणून मागच्या दाराला सहा महिने कुलूप आहे.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण तुम्ही माझा फोन घेत नाही. दुसरं कारण असं की पुढच्या गणपतीत तुम्ही पुन्हा कुठल्या तरी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत उभे असाल आणि तुमच्या पुढे उभ्या असलेल्या बाईला विचाराल, "गाव कोणतं तुमचं?" तिच्यापर्यंत हे पोचावं एवढी माझी इच्छा आहे. तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तक्रारीच्या अर्जावर लिहिलं आहे, जिथे त्याचा उपयोग होईल.

आपली ओळख 2024 च्या गणपतीत झाली. हातात ताटं घेऊन आम्ही उभ्या होतो. माझी आई शेजारच्या काकूंना सांगत होती की लेकीकडे सगळं आहे, फक्त दुपारी जरा लवंडायचं म्हटलं तर खोली नाही. तुम्ही मागे वळलात. आम्ही सोलापूरच्या हे कळल्यावर तुमचा चेहरा उजळला. "माझं आजोळ बार्शीचं," म्हणालात, आणि पाच मिनिटांत आईच्या पाया पडून मोकळे झालात. त्या दिवसापासून ती तुमची काकू आणि मी ताई. पुढच्याच रविवारी तुम्ही टेप घेऊन आमच्या घरी आलात. आईने तुम्हाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि जाताना चटणीचा डबा बांधून दिला. परक्या देशात आपली भाषा बोलणारा, आपल्याकडची चटणी ओळखणारा, हाताने काम करणारा माणूस भेटला याचा तिला किती आनंद झाला होता, हे मी पाहिलं आहे. तुमच्या हिशेबात तो आनंद कुठे मांडला होतात, ते मला नंतर कळलं.

आमची गरज काय होती ते तुम्ही पहिल्याच दिवशी नीट पाहून घेतलंत. 1958 साली बांधलेलं 1,150 चौरस फुटांचं घर. एका काळी या सगळ्या खोऱ्यात जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या. त्या तोडून अशी बैठी घरं ओळीने उभी राहिली, त्यातलंच एक. तीन बेडरूम, दोन मुली, नवरा-बायको दोघंही घरून काम करणारे, आणि वर्षातले सहा महिने आई. माझी टीम पुण्यात आहे. इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिथे सकाळचे साडेनऊ असतात, थंडीत साडेदहा. माझं टेबल गॅरेजमध्ये, एका बाजूला वॉटर हीटर आणि दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन. हीटर पेटला की फोनवर आवाज जायचा. जानेवारीत गॅरेजच्या फरशीवर दोन मोजे घालूनही पाय बधिर व्हायचे. पाच वर्षं मी असं काम केलं. एक दार, एक खिडकी आणि शांतता, एवढंच मला हवं होतं.

तुम्ही आधी सुचवलंत की शेड बांधू. "120 चौरस फुटांच्या आत असलं की परमिट लागत नाही, ताई." हे तुमचं पहिलं अर्धं वाक्य. एवढ्या लहान, एकमजली शेडला बांधकामाचं परमिट लागत नाही, हे खरं. पण त्यात वीज घेतली, नळ घेतला की त्याचं परमिट लागतं, आणि विजेशिवाय ऑफिस चालत नाही. उरलेलं वाक्य मी शहराच्या बिल्डिंग खात्याच्या काउंटरवर विचारून पुरं केलं. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडे याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात, हे तेव्हाच आठवायला हवं होतं. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. खऱ्याचा अर्धा तुकडा हातात देणाऱ्यावर मात्र माणूस विश्वास ठेवतो, कारण तो तुकडा तपासून पाहिला तर खराच निघतो.

मग ठरलं की बांधायचं तर कायद्याने, आणि पूर्ण घरच बांधायचं. ज्याला इथे सगळे एडीयू म्हणतात ते. कायद्याच्या लेखी त्यात स्वयंपाकाची सोय हवी, न्हाणीघर हवं, झोपायला जागा हवी. नुसतं टेबल-खुर्चीचं ऑफिस त्यात बसत नाही. मला ते पटलं. दिवसा आणि रात्रीच्या मीटिंगला माझं ऑफिस, दुपारी आईला लवंडायला जागा, तिच्या सहा महिन्यांत तिची स्वतंत्र खोली, पुढे कधी गरज पडलीच तर भाडेकरू. 500 चौरस फूट. जास्त हाव नव्हती.

हा कायदा कशासाठी झाला ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही त्याचा धंदा केलात. कॅलिफोर्नियात परसात दुसरं छोटं घर बांधायची वाट 1982 पासून कायद्यात होती, पण अटी इतक्या की सामान्य माणूस तिथवर पोचत नसे. पार्किंगची जागा दाखवा, सुनावणीला उभे राहा, शेजाऱ्यांच्या हरकती निस्तरा. घरांचे भाव आणि भाडी माणसांना गावाबाहेर ढकलायला लागली तेव्हा राज्याने हात घातला. 2016 मध्ये झालेले कायदे 1 जानेवारी 2017 पासून लागू झाले, 2019 चे 1 जानेवारी 2020 पासून. गावोगावच्या पालिकांना राज्याने बजावलं की 800 चौरस फुटांपर्यंतचं, 16 फूट उंचीपर्यंतचं, मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून 4 फूट आत असलेलं घर कुणी बांधत असेल तर त्याला अडवायचं नाही. सुनावणी नाही. अर्ज पूर्ण असेल तर 60 दिवसांत निकाल. 750 चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर विकासशुल्कही घ्यायचं नाही. शिक्षिका, नर्स, म्हातारे आईबाप, शिकून परतलेला मुलगा, अशा माणसांना आपल्याच माणसांजवळ राहता यावं म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षं खपून हे दार उघडलं. त्या दारातून पहिले आत आलेल्यांत तुम्ही होतात, हातात पावतीपुस्तक घेऊन.

आता पैशांकडे येते. इतर दोघांची कोटेशन्स 2,40,000 आणि 2,60,000 डॉलरची होती, तुमचं 1,85,000 चं. "आपल्या माणसाकडून नफा घेत नाही," म्हणालात. सही करताना 18,500 डॉलर मागितलेत. मी विचारलं, एवढे आधी? तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, 10 टक्के घ्यायला कायद्याने परवानगी आहे." मी त्या रात्री शोधून पाहिलं. 10 टक्के हे शब्द खरंच दिसले, आणि मी चेक लिहिला.

पूर्ण वाक्य असं आहे: घराच्या कामासाठी कॉन्ट्रॅक्टर सुरुवातीला कराराच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल तेवढीच घेऊ शकतो. माझ्या करारात ती रक्कम 1,000 डॉलर होती. तुम्ही 17,500 डॉलर जास्त घेतलेत, आणि तसं घेणं हा या राज्यात गुन्हा आहे. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या आणि जागेवर आलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाहीत. 'माल बुक करायला' तुम्ही 12,000 घेतलेत, आणि लाकडाचा एक वासाही आमच्या दारात कधी उतरला नाही. 'पाया पूर्ण' म्हणून आणखी 14,000. एकूण 44,500 डॉलर. यातला प्रत्येक डॉलर मी वॉटर हीटरशेजारी बसून मिळवला होता. मी वाक्य शेवटपर्यंत वाचलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते. पण ते कुठे तोडायचं हे तुम्ही आधीपासून ठरवून आला होतात.

परमिटच्या वेळीही तसंच. "60 दिवसांत मिळतंच." तिसरा महिना लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, पालिका ढिली आहे, या लोकांना काम नको असतं. मी स्वतः फोन केला. पलीकडच्या बाईंनी फाइल उघडून सौजन्याने सांगितलं की आमचे शेरे तुमच्या अर्जदाराकडे पाच आठवड्यांपूर्वीच गेले आहेत, उत्तर आलेलं नाही. 60 दिवस मोजायला लागतात ते अर्ज पूर्ण झाल्यावर. तुमच्या नकाशात सांडपाण्याच्या पाइपाचा उतारच दाखवलेला नव्हता. पाच आठवडे तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी परसात होतात आणि दोष मात्र त्या काउंटरवरच्या बाईंच्या माथी मारत होतात.

बाकीची अर्धी वाक्यं लवकर सांगून टाकते, कारण पुढच्या बाईला तीही ऐकवाल. "ऑफिस म्हटलं की टॅक्समध्ये वजावट मिळते": स्वतःचा व्यवसाय असेल तर. माझ्यासारख्या पगारदारांना केंद्राच्या करात ती 2018 पासून मिळत नाही. "प्रॉपर्टी टॅक्स वाढत नाही": जुन्या घराचं मूल्यांकन 1978 च्या प्रॉपोझिशन 13 मुळे नव्याने होत नाही, पण नव्या बांधकामाचं नवं मूल्य त्यात मिळवलं जातं. "पुढे वेगळं विकता येईल": सॅन होजेने 2024 मध्ये तशी मुभा दिली, पण कॉन्डोची सगळी कागदपत्रं आणि कर्ज देणाऱ्या बँकेची संमती असेल तरच.

आणि तो मे महिन्यातला शनिवार.

सकाळी सहाला काँक्रीटचा पंप आला. मी खिडकीतून विचारलं, इन्स्पेक्टर येऊन गेले का? तुम्ही अंगठा वर केलात. मी घरात गेले आणि कामावरच्या माणसांसाठी चहा टाकला. दुपारपर्यंत स्लॅब पडला, गुळगुळीत, करडा. आईने त्याच्या कडेला हळदकुंकू वाहिलं. तिने नारळ आणला होता, तो तुमच्या हातून फोडला. पायाची तपासणी काँक्रीट ओतण्याआधी व्हायची असते, ती झालेली नाही, हे तुम्हाला त्या क्षणी माहीत होतं. तरी तुम्ही नारळ फोडलात आणि प्रसाद घेतलात.

मंगळवारी इन्स्पेक्टर आले. तपासणी तुम्हीच मंगळवारची मागितली होती. स्लॅब बघून ते दारातच थांबले. सळया कुठे आहेत, कोणत्या जाडीच्या, किती अंतरावर? चर किती खोल? स्लॅबखालून जाणाऱ्या पाइपांत पाणी भरून ते गळत नाहीत ना, हे दाखवा. भिंत पायाला जखडणारे बोल्ट कुठे बसवलेत? हे सगळं झाकायच्या आधी बघायचं असतं, कारण झाकल्यावर ते पुन्हा कुणालाच दिसत नाही. तुम्ही फोन काढून फोटो दाखवलेत. फोटोत मागे पांढरं प्लास्टिकचं कुंपण होतं. आमचं कुंपण रेडवुडच्या फळ्यांचं आहे. इन्स्पेक्टरांनी फोटो पाहिला, कुंपण पाहिलं, आणि फोन तुम्हाला परत दिला. मग त्यांनी टेप काढला. नकाशात हद्दीपासून 4 फूट. जमिनीवर 3 फूट 5 इंच. "हे फोडावं लागेल," एवढंच ते म्हणाले.

तुम्ही ते गेल्यावर मला म्हणालात, "सात इंचांनी काय होतं, ताई? आणि बोल्ट नंतरही मारता येतात." याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देते. 17 ऑक्टोबर 1989 ला लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, 6.9 मॅग्निट्यूडचा, 63 माणसं गेली. त्या भूकंपात पायाला न जखडलेली घरं पायावरून घसरली. आपण सॅन अँड्रियास आणि हेवर्ड या दोन भ्रंशांच्या मधोमध राहतो. एवढ्या लांबचं नको असेल तर घरचं सांगते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन काही तास झाले होते. किल्लारीचा हादरा सोलापुरात आईने अंथरुणात अनुभवला. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत जाड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो माणसं गेली. आई शाळेत शिकवत होती. तिच्या वर्गातली एक मुलगी विसर्जनाला आजोळी गेली होती, ती परत आली नाही. बार्शी तिथून काही फार लांब नाही. तुमच्या आजोळी कुणी ना कुणी तो हादरा सोसला असेल. त्या भागाचं नाव सांगून तुम्ही आमच्या घरात आलात, आणि तो हादरा अनुभवलेल्या माझ्या आईची खोली तुम्ही बोल्टांविना उभी करणार होतात. पैशांबद्दल मी कधीतरी शांतपणे बोलू शकेन. याबद्दल नाही.

स्लॅब फोडायला तुम्ही गुरुवारी तीन तास आलात. एक कोपरा फोडून खड्डा केलात, मोठं मशीन घेऊन येतो म्हणालात. ती आपली शेवटची भेट.

जर्दाळूच्या झाडाबद्दलही लिहायचं आहे. ब्लेनहाइम जातीचं ते झाड घराच्या आधीचं होतं, बागांच्या दिवसांतलं. नकाशात त्याभोवती गोल काढून 'राखायचे' असं लिहिलेलं होतं. पंपाचा पाइप वळवायला आड येतं म्हणून तुम्ही ते काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी कापलंत, मी कामात होते तेव्हा. जूनच्या शेवटी त्याची फळं पिकायची आणि दोन आठवडे सगळी गल्ली आमच्याकडून पिशव्या न्यायची. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाई त्याचा मुरंबा करून बरण्या परत पाठवायच्या. त्यांनी कुंपणावरून फक्त बुंध्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. खोडाचा घेर 38 इंच किंवा जास्त असेल तर या शहरात झाड तोडायला परवानगी लागते. तुम्ही ठेवून गेलेल्या ओंडक्याला मी टेप लावला, 41 इंच भरला. त्याचं उत्तर पालिकेला आता मला द्यायचं आहे, आणि मी देईन. ते झाड माझ्या जमिनीवर होतं, त्याची राखण माझ्याकडे होती.

तुम्ही गेल्यावर मग एकेक गोष्ट उघडी पडायला लागली. आधी कागदाचं सांगते. काँक्रीट पुरवणाऱ्याने एप्रिलमध्येच एक सूचना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली होती. ती तुम्हाला दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, फॉर्मॅलिटी असते, टाकून द्या. पूर्ण वाक्य: माल देणारा ही सूचना पाठवतो, कारण कॉन्ट्रॅक्टरने त्याचे पैसे बुडवले तर त्याला मालकाच्या घरावर बोजा चढवता येतो. ऑगस्टमध्ये त्याने तो काउंटीच्या दप्तरात चढवला. लीन म्हणतात त्याला. मी तुम्हाला दिलेले पैसे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मी त्याचे 6,900 डॉलर दुसऱ्यांदा दिले आणि बोजा उतरवून घेतला. त्याच्यावर राग नाही, त्याने खरं काँक्रीट दिलं होतं. प्रत्येक हप्त्याआधी माल देणाऱ्याकडून 'पैसे मिळाले' असा सहीचा कागद घ्यायचा असतो, हे मला आता कळलं आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकीने तो घ्यावा.

मग तुमचं लायसन्स. करारावरचा नंबर मी राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर बोर्डाच्या वेबसाइटवर टाकला होता. 'ॲक्टिव्ह' दिसलं, नाव दुसरं होतं. "माझ्या पार्टनरची कंपनी," म्हणालात. त्याच पानावर वर्गही लिहिलेला असतो: घर बांधायला लागतो तो बी, आणि तिथे होता सी-54, म्हणजे टाइल्स बसवणाऱ्याचा. जुलैमध्ये मी त्या माणसाला गाठलं. त्याने तुमचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या नंबरावर माझी तक्रार येईल या भीतीने त्याचा आवाज कापत होता. म्हणजे तुम्ही लायसन्सशिवाय काम केलंत आणि एका प्रामाणिक कारागिराचा नंबर वापरलात.

इथे मात्र कायद्याचं पूर्ण वाक्य माझ्या बाजूचं आहे, म्हणून ते पूर्ण वाचा. या राज्यात लायसन्स नसलेला कॉन्ट्रॅक्टर आपल्या कामाचे पैसे कोर्टात मागू शकत नाही, आणि ज्याने त्याला पैसे दिले तो दिलेली सगळी रक्कम परत मागू शकतो. काम कितीही झालेलं असो. खणलेल्या चरांचा आणि ओतलेल्या स्लॅबचा हिशेब तुम्हाला वजा करता येणार नाही. बोर्डाकडे तक्रार गेली आहे. 12,500 डॉलरपर्यंतच्या दाव्यांचं छोटं कोर्ट आपल्याला पुरणार नाही, त्यामुळे वकील केला आहे. त्यांची नोटीस तुमच्या दोन्ही पत्त्यांवर पोचली, दोन्हीकडच्या सह्या आमच्याकडे आहेत.

आईचे सहा महिने ऑक्टोबरात संपले आणि ती सोलापूरला परतली. जाताना तिने मला विचारलं, "त्या मुलाच्या घरी काही अडचण असेल का गं?" तुम्ही पाया पडलेल्या बाईचा हा प्रश्न आहे. मी तिला लायसन्सचं सांगितलं नाही. माझं टेबल अजून गॅरेजमध्येच आहे.

शेवटचं, आणि हे माझ्या पैशांच्या आधीचं. तुम्ही दिसेनासे झाल्यावर आठ दिवसांनी सकाळी तुमच्याकडे काम करणारे ते दोघं आमच्या फाटकाशी आले. एकाच्या हाताला पट्टी होती, सळया कापताना लागलेलं. लायसन्स नसलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम करताना कुणी जखमी झालं तर त्याची जबाबदारी घरमालकावर येऊ शकते; त्यांनी ते मागितलं नाही, त्यांना बहुधा माहीतही नव्हतं. त्यांना फक्त तुमचा पत्ता हवा होता. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं स्पॅनिश त्याहून तुटक, तरी एवढं कळलं की शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे तुम्ही दिलेले नाहीत. आईने त्यांना आत बोलावून भाकरी वाढली. याच माणसांनी तीन दिवस गुडघाभर चिखलात उभं राहून ते चर खणले होते. तुम्ही सावलीत फोनवर होतात. त्यातल्या थोरल्याने आईला बोटांनी दाखवलं, तीन मुलं, धाकटं एवढं. तिने डबा भरून दिला.

वकिलांच्या नोटिशीत माझ्या रकमेचा आकडा आहे. त्या दोघांचे दोन आठवड्यांचे पैसे त्यात नाहीत, ते वेगळे आहेत, आणि ते आधी द्या. माझं कोर्टात होईल तेव्हा होईल. त्यांचा पत्ता मला विचारू नका. मार्चमध्ये ज्या हार्डवेअरच्या दुकानाबाहेरून तुम्ही त्यांना गाडीत घातलं होतंत, तिथे ते अजून रोज सकाळी सहाला उभे असतात.